आठवड्याला एक चौकोन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या नक्षीची चित्रवही

नऊ सेंटिमीटरचा एक चौरस कागद, काळ्या शाईचे एक बारीक पेन आणि आठवड्याचा एक विषय, एवढ्या सामग्रीवर गेल्या दोन दशकांत जगभर एक छंद रुजला आहे. ठरावीक रेघा पुन्हा पुन्हा काढून चौकोन नक्षीने भरायचा, आठवडा सरला की नवा विषय घ्यायचा आणि भरलेले चौकोन तारखेसह वहीत चिकटवून ठेवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. यात तीन स्वतंत्र गोष्टी एकत्र आल्या आहेत. झेंटँगल ही नक्षी काढण्याची पद्धत, साप्ताहिक चित्र-आव्हान हा सरावाचा नेम आणि चित्रवही ही नोंद ठेवण्याची रीत.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत अशा छंदाला लागणारी नक्षी अंगणात, बांबूच्या तट्ट्यावर, तसरच्या काठावर आणि देवळांच्या भिंतींवर आयतीच सापडते. मात्र तिच्यातील पुष्कळसा भाग कागदावर उतरलेला नाही. तो ज्या हातांत आहे त्या हातांबरोबरच संपत चालला आहे. त्यामुळे येथील नक्षी घेऊन आठवड्याला एक चौकोन भरणे हे विरंगुळ्याबरोबरच दस्तऐवज तयार करण्याचेही काम ठरू शकते. त्यासाठी चौकोनाखाली नक्षी कोठली आणि कोणाकडून घेतली, हे लिहिलेले असले पाहिजे.

झेंटँगल म्हणजे काय?

‘झेन’ आणि ‘टँगल’ म्हणजे गुंता, या दोन शब्दांच्या जोडीतून हे नाव तयार झाले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघांनी २००३-०४ च्या सुमारास ही पद्धत बांधली. थॉमस या सुलेखनकार, तर रॉबर्ट्स यांनी आयुष्याची काही वर्षे संन्यस्त वृत्तीने घालवलेली. एका मोठ्या अक्षरामागील जागा बारीक नक्षीने भरताना थॉमस यांना भोवतालाचे भान उरले नाही; हा अनुभव चित्रकला न शिकलेल्या माणसालाही घेता यावा म्हणून त्याचे टप्पे ठरवले गेले, असे या पद्धतीच्या उगमाविषयी सांगितले जाते. झेंटँगल हे नाव नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. रेघांच्या पुनरावृत्तीतून जागा भरण्याची क्रिया मात्र मानवजातीइतकी जुनी असून तिच्यावर कोणाचीही मालकी नाही.

पद्धत सोपी आहे. साडेतीन इंची, म्हणजे सुमारे ८९ मिलिमीटरच्या चौरस कागदाच्या चार कोपऱ्यांत पेन्सिलीने चार ठिपके द्यायचे. ते हलक्या रेघेने जोडून चौकट करायची. चौकटीत एक मुक्त, वळणदार रेघ फिरवायची. तिला ‘दोरा’ म्हणतात. दोऱ्यामुळे चौकोनाचे जे भाग पडतात, त्यांतील प्रत्येक भाग पेनाने एकेका नक्षीने भरायचा. शेवटी पेन्सिलीने छटा द्यायच्या, आद्याक्षर लिहायचे आणि कागद हातभर दूर धरून पाहायचा. या पद्धतीत खोडरबर वर्ज्य आहे. चुकलेली रेघ पुढच्या रेघांत सामावून घ्यायची असते. चौकोनाला वरची-खालची बाजू नसते; तो कसाही फिरवून काढता येतो.

प्रत्येक नक्षी ठिपका, सरळ रेघ, वक्र रेघ, नागमोडी रेघ आणि वर्तुळ या पाच मूळ खुणांतून उभी राहते. ‘क्रेसेंट मून’ या नक्षीत कडेने अर्धचंद्र बसवून त्यांच्याभोवती लहरींसारख्या रेघा काढतात, ‘हॉलिबॉ’मध्ये एकमेकींच्या खालून जाणाऱ्या पट्ट्या असतात, ‘टिपल’ म्हणजे लहानमोठ्या वर्तुळांची दाटी. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्यांना यावरून संकल्पचित्राची आठवण होईल. फरक एवढाच, की संकल्पचित्रात आकृतीची आखणी आधी होते, रंगसंगती ठरते आणि समतोल तपासला जातो. येथे शेवटी काय दिसेल हे आधी ठरवायचे नसते.

नेम जुनाच

ठरावीक काळ, ठरावीक आकृती आणि रोजची पुनरावृत्ती ही कल्पना मराठी घरांत फार पूर्वीपासून रुळलेली आहे. चातुर्मासात आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत दररोज ३३ गोपद्मे काढण्याचे व्रत अनेक घरांत चालत आले. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात चैत्रांगण रेखाटले जाते. त्यात चंद्र-सूर्य, शंख, कासव, कमळ, तुळशीवृंदावन अशा अनेक शुभचिन्हांना जागा ठरलेली असते. त्या व्रतांचा हेतू धार्मिक होता हे खरे. तथापि नेमाने रोज काढत राहिल्याने हात वळतो आणि रेघ स्थिर होते, हा त्यांचा लाभ आजच्या चित्र-आव्हानांपेक्षा निराळा नाही.

चित्रवहीचेही तसेच आहे. ठिपक्यांची रांगोळी पायांनी, वाऱ्याने, पावसाने पुसली जाते. म्हणून गृहिणी ती वहीत उतरवून ठेवत. वहीच्या चौकटींवर पेनाने ठिपके, शेजारी ‘१५ ठिपके १५ ओळी’ किंवा ‘७ ते १’ अशी सूचना आणि क्वचित जिच्याकडून रांगोळी घेतली तिचे नाव, असा या वह्यांचा थाट असे. ‘७ ते १’ म्हणजे मधल्या ओळीत ७ आणि तिच्या वर-खाली ५, ३ व १, असे एकूण २५ ठिपके. एका ओळीच्या सूचनेवरून संपूर्ण आकृती पुन्हा उभी करता येते, इतकी ही लिपी काटेकोर आहे. दक्षिणेतील कोलमच्या अशाच नियमबद्धतेने गणितज्ञांचेही लक्ष वेधले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कोलमच्या आकृत्यांची संगणकशास्त्राच्या दृष्टीने व्याकरणासारखी मांडणी केली. घरोघरच्या या वह्या मात्र रद्दीत जात राहिल्या आणि त्यांतील नक्षीचे मोल अनेकदा पुढच्या पिढीला कळलेच नाही.

आठवड्याचे आव्हान

जगभरच्या चित्रकारांत मुदतबंद सरावाची लाट २००० नंतर आली. सिएटलमधील पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कँपनारिओ यांनी २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ची सुरुवात केली, प्रत्यक्ष जागेवर बसून रेखाटन करावे, हा त्यांचा आग्रह. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ मध्ये ‘इंकटोबर’ सुरू केले. त्यात ऑक्टोबरच्या ३१ दिवसांत शाईची ३१ चित्रे काढायची असतात. झेंटँगल काढणाऱ्यांत मात्र साप्ताहिक आव्हान अधिक रुळले. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यांचा रोजचा नेम दहाव्या-बाराव्या दिवशी मोडतो. आठवड्याचा नेम तुलनेने टिकतो. विषय पाहायला चार-पाच दिवस मिळतात आणि काढायला अर्धा-पाऊण तास पुरतो.

चांगल्या आव्हानात एकच अट असते. ‘या आठवड्यात फक्त वक्र रेघा’, ‘एकाच नक्षीने पूर्ण चौकोन’, ‘दोन नक्ष्या, पण मध्ये दोरा नाही’ अशा अटींमुळे निवडीचा घोळ कमी होतो आणि हात लवकर चालू लागतो. चार-पाच जणांनी मिळून नेम धरला तर तो अधिक टिकतो. एकच विषय पाच जणांनी काढलेला शेजारी शेजारी मांडला, की प्रत्येकाने काय पाहिले आणि काय निसटले हे आपोआप दिसते. एकत्र बसून शिकण्याचा एक नामांकित दाखला याच भागात आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील ग्रामसभेच्या निर्णयांमागे नियमितपणे बसणाऱ्या अभ्यासगटांचे मोठे काम होते. त्यांचा विषय जंगलाचा आणि हक्कांचा होता. तरीही आधी मिळून नीट समजून घ्यायचे आणि मग हात घालायचा, ही त्यांची रीत वहीच्या कामालाही लागू पडते.

अंगण, बांबू आणि तसर

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे. या दोन जिल्ह्यांच्या अंगणांत तीन भाषांच्या रांगोळ्या भेटतात. मराठी घरांतील ठिपक्यांची रांगोळी सर्वत्र आहे. प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळील सिरोंचा परिसरात तेलुगू भाषकांची मोठी वस्ती असून तेथे संक्रांतीच्या दिवसांत ‘मुग्गू’ घातले जातात. ठिपक्यांना वळसे घालत जाणारी न तुटणारी रेघ हे अनेक मुग्गूंचे वैशिष्ट्य. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे वसली. त्यांच्यासोबत आलेली ‘आल्पना’ ठिपके न मांडता तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बोट बुडवून मुक्त हाताने काढतात. रांगोळी ठिपके जोडते, मुग्गू ठिपक्यांना वळसा घालतो आणि आल्पनाला ठिपक्यांची गरजच पडत नाही. हा फरक समजून घेण्यासाठी सलग तीन आठवडे एकेका पद्धतीला दिले, तरी चित्रवहीचा आरंभ उत्तम होतो.

बांबू हा या भागाचा दुसरा मोठा नक्षीकार. सूप, टोपली, परडी आणि कुडाचा तट्टा यांच्या विणीत आडव्या-उभ्या कामट्यांचे हिशेब असतात. एक वर, एक खाली अशी साधी वीण चौकटी दाखवते. दोन वर, दोन खाली घेऊन प्रत्येक ओळीत एका कामटीने सरकले, की तिरप्या लाटा उमटतात. बुरूड कारागिराच्या बोटांत ही मोजणी असते, कागदावर नसते. प्लास्टिकच्या टोपल्यांनी बाजार व्यापल्यापासून नेहमीच्या वापरातील अनेक विणी मागे पडल्या आहेत. चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. विणी प्रत्यक्ष पाहायच्या, तर कोणत्याही आठवडी बाजारातील बुरुडाचे दुकान पुरेसे आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने अनेक दशके याच जंगलांतील बांबूचा लगदा केला. नक्षी शिकवणारा बांबू आणि ती उतरवून घेणारा कागद हे एका अर्थाने एकाच रानातले आहेत.

तिसरा स्रोत तसरचा. आरमोरी परिसरात ऐनाच्या झाडांवर तसरचे किडे पाळण्याचा व्यवसाय आहे आणि नागभीडसह पूर्व विदर्भातील विणकर गावांत तसरचे कापड विणले जाते. येथली प्रसिद्ध साडी म्हणजे करवतकाठी. काठावर करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची रांग असते, त्यावरून हे नाव पडले. काठ आणि अंग यांचे रंग एकमेकांत न मिसळता वेगळे राखण्यासाठी तीन धोटे वापरतात. कागदावर हा काठ अवघ्या दोन रेघांचा खेळ वाटतो. पण सलग चाळीस दाते सारख्या उंचीचे काढू लागल्यावर विणकराच्या नजरेची कल्पना येते.

दगड, झाड आणि कातडी

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी मध्ययुगीन मंदिरांचा समूह आहे. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याची दखल घेतली आणि ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणून तो ओळखला जातो. तेथील मूर्तींवर सर्वांची नजर जाते. मात्र चित्रवहीच्या दृष्टीने मूर्तींखालचे थर, जाळ्या आणि स्तंभांवरील पट्टे अधिक उपयोगी आहेत, कारण त्यांत एकच आकृती वीस-पंचवीस वेळा कोरलेली असते. चंद्रपूर शहरात गोंडकालीन परकोटाचे जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे उभे आहेत. त्यांवरील हत्तीवर झेपावलेला सिंह हे गोंड राजांचे चिन्ह वारंवार भेटते. या परकोटावर माजलेली झाडेझुडपे काढण्याची मोहीम इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०१७ मध्ये हाती घेतली होती.

जंगलातील नक्षी तर मोजता येणार नाही. ऐनाच्या सालीवर मगरीच्या पाठीसारख्या चौकटी असतात. सागाच्या पानावर शिरांची जाळी असते. ताडोबा हे १९५५ मध्ये घोषित झालेले राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान. तेथील वाघांची ओळख कॅमेरा ट्रॅपने टिपलेल्या पट्ट्यांवरून पटवतात, कारण कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे कोट्यवधी वर्षांपूर्वीची खोडे दगड होऊन पडली आहेत. मे महिन्यात तेंदूपत्ता संकलन केंद्रांवर पानांचे पुडे उन्हात ओळींनी मांडलेले असतात. मजुरीचा हिशेब सोपा व्हावा म्हणून लावलेल्या या ओळींचे रूपही नक्षीचेच आहे.

सर्वांत नाजूक नक्षी माणसाच्या कातडीवर आहे. भामरागड आणि एटापल्लीकडील माडिया गोंड समाजातील वृद्ध स्त्रियांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर गोंदण दिसते. मृत्यूनंतर सोबत येणारा दागिना हाच, अशी समजूत गोंड समाजात आणि मध्य भारतातील इतरही समाजांत आढळते. तरुण मुलींत हे गोंदण कमी झाले आहे. टोपलीची वीण जुनी टोपली जपून ठेवली तर टिकते. गोंदण मात्र ते ल्यालेल्या देहाबरोबर जाते आणि मागे काहीही उरत नाही.

गोंड चित्रकला : एक गैरसमज

शहरांतील प्रदर्शनांत ‘गोंड पेंटिंग’ म्हणून जे विकले जाते ते गडचिरोलीचे, असा अनेकांचा समज असतो. ती चित्रशैली मुख्यतः मध्य प्रदेशातील मंडला-दिंडोरी भागातील परधान गोंडांची आहे. पाटणगढचे जनगढसिंह श्याम यांना १९८० च्या दशकाच्या आरंभी जे. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळच्या भारत भवनात आणले गेले आणि भिंतीवरची परंपरा कागदावर व कॅनव्हासवर आली. जनगढ यांचे २००१ मध्ये जपानमध्ये निधन झाले. या शैलीत आकृतीचे अंतरंग ठिपके, छोट्या रेघा, खवले किंवा लाटा यांनी भरतात आणि प्रत्येक चित्रकाराची भरण्याची नक्षी वेगळी असते. ती सहीसारखी ओळखू येते. झेंटँगलशी असलेले साम्य पाहणाऱ्याला चटकन जाणवते; तथापि येथे भरण पोकळ नसते, ते कथेतील प्राण्याला आणि झाडाला आलेले अंग असते.

या परंपरेतील भज्जू श्याम यांचे ‘द लंडन जंगल बुक’ हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक चित्रवहीचा आदर्श मानावे असे आहे. लंडनमधील मुक्कामात पाहिलेले शहर त्यांनी आपल्या परिचयाच्या प्राण्यांत उतरवले. बिग बेन घड्याळाला वेळ सांगणारा कोंबडा भेटला आणि भुयारी रेल्वेला गांडूळ. पाहिलेली नवी गोष्ट आपल्या नक्षीच्या भाषेत सांगणे, ही चित्रवहीकडून असलेली मोठी अपेक्षा त्यात पूर्ण होते. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. माडिया समाजाची दृश्यकला याहून निराळी असून ती लाकडी कोरीवकामात, मण्यांच्या दागिन्यांत, गोंदणात आणि मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळांत दिसते. दोन्हींना एकाच नावाखाली घातल्यास नोंद चुकते आणि एका समाजाचे श्रेय दुसऱ्याच्या नावे जाते.

वर्षाची आखणी

दोन्ही जिल्ह्यांचे ऋतुचक्र धरून बावन्न आठवड्यांची आखणी सहज होते. चैत्र-वैशाखात चैत्रांगण, पळस, मोहाची वेचणी आणि तेंदूचे पुडे घ्यावेत. ज्येष्ठ ते भाद्रपद या पावसाळी महिन्यांत गोपद्मे, ‘वास्ते’ म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, धानाच्या बांध्यांची ठेवण आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची सजावट असे विषय मिळतात. ताडोबाचा गाभा क्षेत्रातील प्रवास पावसाळ्यात बंद असतो. तेव्हा घरातल्या सुपा-टोपल्यांकडे वळावे. आश्विन-कार्तिकात दिवाळीच्या रांगोळ्या, मार्गशीर्षात धानाच्या गंजी, पौषात सिरोंचाचे मुग्गू आणि माघात महाशिवरात्रीच्या यात्रेनिमित्त मार्कंड्याचे दगड, असा क्रम लावता येतो. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनाही हे अवघड नाही. घरातील सूप, आजीची रांगोळीची वही किंवा कपाटातील करवतकाठी हा तेवढाच खरा स्रोत आहे.

खर्चही नाममात्र आहे. दोनशे जीएसएमच्या ए-फोर कागदातून नऊ सेंटिमीटरचे ६ चौकोन निघतात, म्हणजे ९ कागदांत ५४ चौकोन आणि वर्षाची सोय. पाव मिलिमीटर टोकाचे, पाण्याने न पसरणाऱ्या काळ्या शाईचे पेन आणि एक मऊ पेन्सिल एवढे पुरते.

सुरुवातीला तट्ट्याची साधी वीण घ्यावी. चौकोनात साडेसात सेंटिमीटरची चौकट आखून तिच्यात सव्वा सेंटिमीटरची ३६ घरे पेन्सिलीने पाडावीत. बुद्धिबळाच्या पटासारखे एक घर सोडून एक घेत, पहिल्या प्रकारच्या घरांत तीन उभ्या रेघा आणि उरलेल्या घरांत तीन आडव्या रेघा पेनाने काढाव्यात. प्रत्येक पट्टी जेथे शेजारच्या पट्टीखाली जाते त्या कडेला पेन्सिलीची हलकी छटा द्यावी. सपाट चौकटी उठून येतात आणि कागदावर तट्टा विणला जातो. त्यानंतर खरा तट्टा समोर ठेवून त्याची वीण एकवर-एक आहे की दोनवर-दोन, हे मोजावे. बहुतेकांना याच वेळी कळते, की आयुष्यभर पाहिलेली वस्तू त्यांनी कधी नीट पाहिली नव्हती.

नक्षी कोणाची?

चौकोन भरून झाला की त्याच्या मागे किंवा वहीत त्याच्याखाली पाच गोष्टी लिहाव्यात : तारीख, गाव, वस्तू व तिचे साहित्य, नक्षीला स्थानिक भाषेत म्हणतात ते नाव आणि ज्यांच्याकडून ती पाहिली त्यांची, त्यांच्या संमतीने, ओळख. माडिया, गोंडी, तेलुगू किंवा बंगाली नाव ऐकू आले तसे देवनागरीत लिहावे. मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या नादात मूळ शब्द हरवू देऊ नये. काही प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. ही वीण कोणत्या टोपलीसाठी? हा काठ आजही विणला जातो का? ही रांगोळी कोणत्या सणाची? अशा एकेका ओळीने चौकोनाचे मूल्य वाढते.

काही मर्यादा मात्र पाळाव्या लागतात. गोंदण पाहायचे किंवा रेखाटायचे तर आधी विचारावे आणि नकार मिळाल्यास तो मानावा. स्मृतिशिळा, देवस्थाने आणि विधीतील चिन्हे यांकडे सजावटीचे साहित्य म्हणून पाहू नये. वहीत शिकण्यासाठी उतरवलेली नक्षी उद्या पिशवीवर छापून विकायची असेल, तर तो व्यवहार वेगळा. त्यात मूळ कारागिराचा वाटा आणि नाव यांचा प्रश्न उभा राहतो. परदेशी पद्धतीच्या नावापुढे व्यापारचिन्ह आहे आणि बुरुडाच्या विणीपुढे नावही नाही, ही विषमता चित्रवहीने निदान आपल्या पानापुरती तरी दूर करावी.

मनःशांतीचे दावे

नक्षी काढल्याने ताण जातो, एकाग्रता वाढते, असे सर्रास सांगितले जाते. अभ्यास जे सांगतात ते याहून सावध आहे. ब्रिटनमधील जॅकी अँड्रेड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० जणांना कंटाळवाणा दूरध्वनी संदेश ऐकवला. ऐकताना कागदावरील आकार रेघांनी भरणाऱ्यांना त्यातील तपशील इतरांपेक्षा २९ टक्के अधिक आठवला. अमेरिकेत नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात मंडल किंवा चौकटींची नक्षी रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर रंगवणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. हे प्रयोग लहान आहेत आणि त्यांतील एकही झेंटँगलवर नव्हता. बांधीव नक्षीत हात गुंतला की मन काही काळ स्थिरावते, एवढे त्यांवरून म्हणता येईल. गंभीर नैराश्य किंवा चिंताविकार असलेल्यांनी याला उपचाराचा पर्याय समजू नये.

वर्षअखेरीस अशा वहीत बावन्न चौकोन जमतात. एका वहीने परंपरा वाचत नाही, हे उघड आहे. ती वाचते कारागिराला काम मिळाल्याने आणि मुलींना आजीजवळ बसायला वेळ मिळाल्याने. परंतु नागभीडचा काठ, मुलचेऱ्याची आल्पना, चामोर्शीच्या बाजारातली टोपली आणि भामरागडच्या एखाद्या आजीच्या संमतीने उतरवलेले गोंदण, यांची तारखेसह केलेली नोंद कोणा शिक्षकाच्या, विणकराच्या किंवा संशोधकाच्या हाती पुढे केव्हातरी पडू शकते. रांगोळीची वही रद्दीत टाकताना मागच्या पिढीच्या घरांना हा विचार सुचला नव्हता. ती वही अजून घरात कोठे शिल्लक असेल, तर पहिल्या आठवड्याचा विषय शोधायला दूर जाण्याची गरज नाही.